डोळ्यांपुढची करवत

तिसरं प्रूफ होतं, म्हणजे आता फक्त काने-मात्रे पाहायचे. दुपारचे अडीच वाजून गेले होते, जेवण राहिलं होतं आणि प्रेसचा माणूस चारला येणार होता. गेल्या वर्षीच्या दिवाळी अंकाचं काम. एका ओळीत 'दिवाळी' या शब्दातला 'वा' दिसेना. 'दि' आणि 'ळी', मध्ये काही नाही. मी लाल पेनाने समासात खूण केली. खालच्या ओळीत 'पाऊस'मधला 'ऊ' गेलेला. तिथेही खूण केली आणि अक्षरजुळणी करणाऱ्या मुलाला मनातल्या मनात चार शब्द सुनावले. पुढच्या ओळीत अख्खं जोडाक्षर नाहीसं झालं, तेव्हा मात्र शंका आली. पहिल्या खुणेकडे परत गेले. 'वा' जागेवर होता! नजर सरकवून 'ळी'वर आणली, तर 'वा' पुन्हा गायब.

भोक कागदात नव्हतं, माझ्या नजरेत होतं. जिथे बघेन त्याच्या किंचित डावीकडे. ते काळंही नव्हतं. काळं असतं तर लगेच कळलं असतं. तिथे नुसतं 'नव्हतं', आणि त्या नसण्यावर मेंदूने कागदाचा पांढरा रंग इतक्या सफाईने ओढला होता की शिवण दिसू नये. पाचेक मिनिटांत ओळींच्या शिरोरेषा थरथरू लागल्या, उन्हात तापलेल्या डांबरी रस्त्यावरची हवा थरथरते तशा. मग भोकाच्या कडेला एक चमकती रेघ उमटली. सरळ नव्हे, दातेरी. दात काळे-पांढरे, कडांना निळा-पिवळा वर्ख, आणि सगळे लुकलुकणारे. रेघ वाढत गेली, चंद्रकोरीसारखी वाकली, पाठ डावीकडे आणि तोंड माझ्या नजरेच्या बाजूला उघडं. डोळे मिटले तरी ती आतमध्ये होतीच. पंचवीस मिनिटांनी ती डाव्या कडेने बाहेर गेली आणि कागद पूर्ववत झाला. त्यानंतर अर्ध्या तासाने उजव्या कपाळात घण पडायला लागले.

त्या पंचवीस मिनिटांत मी काय काय ठरवून टाकलं ते सांगायला लाज वाटते. पडदा सुटला. पक्षाघात. मेंदूत गाठ. सुचलं नाही ते एवढंच, की ही गोष्ट आमच्या घरात पन्नास वर्षांपासून राहते आहे.

*

नेत्रतज्ज्ञांकडे दुसऱ्या दिवशी गेले. मोतीबिंदूवाल्यांच्या रांगेत बसून बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून घेतले, डोळ्याचा दाब मोजला, पडदा तपासला, नंबर काढला. सगळं जिथल्या तिथे.

"कुठल्या डोळ्याला झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"डाव्या."

"उजवा झाकून पाहिलात?"

"नाही."

"डावा झाकून?"

तेही केलं नव्हतं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ताई, निम्मं निदान तुम्ही घरीच ठेवून आलात. पुढच्या वेळी आधी एक डोळा झाका, मग दुसरा. दोन्ही वेळा ती रेघ दिसली तर गडबड डोळ्यात नाही, मागे आहे." आणि त्यांनी स्वतःच्या डोक्यामागे, वेणी घालतो तिथे, हात ठेवला.

हा सगळा लेख खरं म्हणजे त्या हाताबद्दल आहे. आपण समजतो, डोळा पाहतो. डोळा फक्त गोळा करतो, पाहणं होतं ते डोक्याच्या मागच्या भागात, मेंदूतल्या दृष्टीच्या पटलावर. आणि तिथली जोडणी डोळ्यांप्रमाणे नाही, बाजूंप्रमाणे आहे. दोन्ही डोळ्यांना दिसणारी डावी अर्धी दुनिया मेंदूच्या उजव्या बाजूला जाते, उजवी अर्धी डाव्या बाजूला. त्यामुळे मेंदूच्या उजव्या मागच्या भागात काही झालं की डावीकडचं दृश्य दोन्ही डोळ्यांतून बिघडतं, आणि माणूस छातीठोकपणे सांगतो, "माझ्या डाव्या डोळ्याला झालं." मीही तेच सांगितलं होतं.

डॉक्टर याला 'ऑरा' म्हणतात, आणि दुखण्याला ऑरासहित मायग्रेन. मायग्रेन असणाऱ्यांपैकी साधारण चौथा ते तिसरा हिस्सा माणसांना ऑरा येतो आणि त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक जणांना तो डोळ्यांपुढे येतो. कुणाला त्याच्या पाठोपाठ हाताच्या बोटांपासून ओठापर्यंत मुंग्या चढतात, कुणाला बोलताना शब्द सापडत नाहीत. ऑरा सावकाश पसरतो, पाच मिनिटांहून कमी वेळात सहसा नाही, आणि एकेक लक्षण तासाभराच्या आत ओसरतं. डोकं त्यानंतर किंवा त्याच्याबरोबरच उठतं, आणि कधी कधी उठतही नाही. आपल्याकडे मायग्रेन किती? बंगळुरू शहर आणि भोवतालच्या खेड्यांत 'निम्हान्स' या संस्थेच्या मंडळींनी घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीत १८ ते ६५ वयाच्या लोकांपैकी २५.२ टक्क्यांना वर्षभरात मायग्रेन झाल्याचं आढळलं. चारांत एक. म्हणजे प्रत्येक जिन्यावर, प्रत्येक एस्टीत, प्रत्येक पंगतीत.

*

आमच्या आत्याला "पित्त" होतं. सगळं घर तसंच म्हणायचं. महिन्यातून एक-दोनदा ती स्वयंपाक अर्धवट टाकून माजघरात जायची, खिडकीवर सतरंजी टांगायची, ओलं फडकं कपाळाला करकचून बांधायची. आम्हा मुलांना दम असायचा, आवाज करायचा नाही. संध्याकाळी उलटी व्हायची, आणि उलटी झाली की डोकं उतरायचं. म्हणजे पित्तच, नाही का? पडलं आणि बरं वाटलं. आज कळतं की मायग्रेनमध्ये पोटाचं चलनवलनच मंदावतं, सोबत मळमळ येते, उलटी होते. पित्त हे तिथे कारण नसून साथीदार आहे. पण 'पित्त' या एका शब्दाने महाराष्ट्रातल्या किती बायकांचं मायग्रेन आयुष्यभर झाकलं असेल, याची मोजदाद कुणी करणार नाही.

आत्या मात्र माजघरात जाण्याआधी एक वाक्य म्हणायची, ते आम्हाला विनोदी वाटायचं: "फिरायला लागली बाई करवत." आम्ही समजायचो, डोकं कापल्यासारखं दुखतं म्हणून करवत. नाही. डोकं दुखायला तेव्हा अजून अवकाश असायचा. ती तिला दिसत होतं तेच सांगत होती, शब्दशः, आणि पन्नास वर्षांत कुणी तिला विचारलं नाही की करवत म्हणजे कशी गं, दाखव ना काढून.

अर्धशिशी हा शब्द आपल्याकडे जुना आहे. सुश्रुतसंहितेत अकरा शिरोरोग सांगितले आहेत, त्यांत अर्धावभेदक आहे. सूर्याबरोबर चढणारा आणि दुपारनंतर उतरणारा सूर्यावर्तही आहे. गंमत म्हणजे 'मायग्रेन' हा शब्द मुळात तेच सांगतो. प्राचीन वैद्य गेलनच्या ग्रीकमधला 'हेमिक्रेनिया', म्हणजे अर्धं डोकं, झिजत झिजत फ्रेंचमध्ये 'मिग्रेन' झाला. दोन्हीकडच्या वैद्यांनी दुखण्याची बाजू पकडली. डोळ्यांपुढची करवत मात्र नीट कागदावर उतरायला एकोणिसावं शतक यावं लागलं. ती उतरवली कुणी, तर ज्यांचा धंदाच बघण्याचा होता त्यांनी.

जॉर्ज एअरी हे इंग्लंडचे राजखगोलज्ञ. १८३५ ते १८८१ अशी तब्बल ४६ वर्षं ग्रिनिचची वेधशाळा त्यांच्या हाती होती. भिंगातले, दुर्बिणीतले दोष शोधण्यात आयुष्य गेलेला हा माणूस, आणि त्याच्या स्वतःच्याच नजरेत अधूनमधून अर्धं जग पुसलं जायचं. त्याने ते १८६५ मध्ये लिहून प्रसिद्ध केलं. समकालीन खगोलज्ञ जॉन हर्शेल यांनाही हे दिसायचं. त्यांनी त्यावर व्याख्यानच दिलं होतं. पण खरं काम केलं जॉर्ज यांच्या मुलाने. ह्युबर्ट एअरी हा डॉक्टर. बापाचा वारसा त्याच्याकडे नजरेतल्या भोकासकट आला होता. १८७० मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याने निबंध लिहिला आणि सोबत चित्रं दिली. एकाच झटक्याची एकामागून एक: आधी ठिपका, मग दातेरी कोर, मग कोपऱ्या-कोपऱ्यांची रंगीत वेल, कडेला पोहोचून फुटणारी. मी ती चित्रं पहिल्यांदा पाहिली तेव्हा खुर्चीत मागे टेकले. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज डॉक्टरने माझं प्रूफ पाहिलं होतं.

ह्युबर्टने याला नाव दिलं 'टायकॉप्सिया'. ग्रीकमध्ये 'टायकॉस' म्हणजे नगराची तटबंदी. त्याच्या आधीपासून इंग्रजी डॉक्टर या रेघांना किल्ल्याची उपमा देत आले होते. मराठी माणसाला ही उपमा लगेच पटणार नाही. आपल्या डोंगरी किल्ल्यांचा तट कड्याच्या वळणाने जातो, बुरूज गोल. ही उपमा सपाटीवरच्या, तोफांच्या काळातल्या युरोपीय किल्ल्यांची आहे. वसईच्या पोर्तुगीज कोटाचा नकाशा बघा, बाहेर आलेले टोकदार कोन मोजा, म्हणजे लक्षात येईल. मला स्वतःला आत्याची करवतच जास्त बरोबर वाटते. तटबंदी हलत नाही. करवत फिरते.

*

ती फिरते, हेच तर सगळ्या कोड्याचं उत्तर निघालं. कार्ल लॅशली हा अमेरिकन मेंदू-मानसशास्त्रज्ञ. त्यालाही ऑरा यायचा. तो काय करी, तर समोर कागद ठेवून एका खुणेवर नजर रोखून धरी आणि डागाची कड कुठवर आली ते काही काही मिनिटांनी काढत राही. भोकाच्या हद्दीचा नकाशा, वेळेसकट. मग त्याने हिशेब मांडला. नजरेतल्या एवढ्या अंतरासाठी मेंदूच्या पटलावर किती मिलिमीटर जागा असते हे माहीत होतं, वेळ माहीत होता. उत्तर आलं: मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर. काहीतरी या वेगाने मेंदूवरून सरकतं. हे १९४१ मध्ये छापून आलं.

तीन वर्षांनी, १९४४ मध्ये, आरिस्तिदिस लेआओ या ब्राझिलियन संशोधकाने हार्वर्डमध्ये अपस्माराचा अभ्यास करताना सशाच्या मेंदूला विजेची हलकी टोचणी दिली. त्याला हवा होता विजेचा कल्लोळ. मिळाली शांतता. टोचलेल्या जागेपासून मज्जापेशी गप्प होत गेल्या आणि ती गप्प लाट मिनिटाला दोन-तीन मिलिमीटर या वेगाने पसरत गेली. लॅशलीचा आकडा आणि लेआओचा आकडा शेजारी ठेवून पाहायला १९५८ साल उजाडलं. पीटर मिल्नर याने एका छोट्या टिपणात ते केलं. आणि २००१ मध्ये एमआरआय यंत्रात असतानाच ऑरा झालेल्या माणसांच्या मेंदूवर ती लाट सरकताना दिसली, वेग साधारण ३.५ मिलिमीटर. त्यांतल्या एकाला तर बास्केटबॉल खेळलं की ऑरा येई, म्हणून वेळ ठरवून यंत्रात झोपवता आलं!

लाटेच्या पुढच्या काठावर पेशी आधी एकदम चेतवल्या जातात, मग बराच वेळ निपचित पडतात. चेतवलेला काठ म्हणजे ती चमकती करवत, आणि तिच्या मागचं निपचित क्षेत्र म्हणजे भोक. दातच का? कारण दृष्टीच्या पटलावरच्या पेशी रेघा ओळखतात, प्रत्येक पेशीगटाची आपली एक दिशा, आडवी, उभी, तिरपी. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन विझेल यांना १९८१ चं नोबेल मिळालं ते अशाच कामासाठी. लाट त्यांच्यावरून जाताना एकेका दिशेची रेघ पेटवत जाते. आणि सुरुवातीला रेंगाळणारी कोर कडेकडे जाताना पळायला का लागते? नजरेच्या मधोमध जे असतं त्याला मेंदूने भरपूर जागा दिली आहे, कडेच्या जगाला जेमतेम. लाट आपली सारख्याच चालीने जाते. आपल्याला मात्र ती आधी बैलगाडीत आणि मग मोटारीत बसल्यासारखी वाटते.

हे कळल्यावर माझी अर्धी भीती गेली. अर्धी राहिली, आणि ती राहिलेलीच बरी.

*

मराठीत डोळ्यांपुढे बरंच काही होतं. थोबाडीत बसली की काजवे चमकतात. झटकन उठलं की अंधारी येते. हे सगळं क्षणाचं असतं. मायग्रेनची ओळख त्याच्या सावकाशपणात आहे, म्हणून नेत्रतज्ज्ञांनी मला दुसरा प्रश्न विचारला होता तो घड्याळाचा. "किती वेळ?" नजर फटकन गेली, दिव्याचं बटण दाबल्यासारखी, चमक नाही, रेघ नाही, नुसतं गेलं, तर ते वागणं मायग्रेनचं नव्हे, रक्तपुरवठा तुटण्याचं आहे. एकाच डोळ्यावर वरून पडदा उतरला आणि काही मिनिटांनी वर गेला, तरी तेच. मानेतल्या रक्तवाहिनीतून सुटलेली गुठळी असं करते, आणि नजर परत आली म्हणून घरी थांबलं तर पुढचा झटका पक्षाघाताचा असू शकतो. एका डोळ्यात कडेला वीज चमकल्यासारखं, सोबत काळ्या माश्यांचा थवा आणि कडेने चढत जाणारी सावली, ही पडदा सुटण्याची लक्षणं, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठायचा. डोळा लालबुंद, दिव्याभोवती रंगीत कडं, डोकं फुटतंय आणि उलट्या होताहेत, हा काचबिंदूचा तीव्र झटका असू शकतो, आणि "पित्त"च्या नावाखाली यात डोळे गेलेले आहेत. रंगीत गोल ठिपके, सेकंदांत येऊन दोन-तीन मिनिटांत जाणारे, तेही पुन्हा पुन्हा, तर मेंदूच्या मागच्या भागातला अपस्मार पाहावा लागतो. मिरवणुकीतल्या लेझरचा झोत डोळ्यात गेल्यावर पडलेला डाग तासाभरात जात नाही, तो भाजल्याचा असतो.

आणि वय. माझ्या सासऱ्यांना अडुसष्टाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा, टीव्हीवरच्या निवेदिकेचं अर्धं तोंड दिसेनासं झालं. वीस मिनिटं करवत फिरली, डोकं अजिबात दुखलं नाही. मी एव्हाना तज्ज्ञ झाले होते, म्हटलं, "अण्णा, हे माझंच आहे, काळजी करू नका." न्यूरॉलॉजिस्टने मला गप्प केलं. उतारवयात डोकं न दुखता ऑरा येतो हे खरं. मिलर फिशर या पक्षाघात-तज्ज्ञाने १९८० मध्ये अशा माणसांबद्दल सविस्तर लिहून ठेवलं आहे. पण पन्नाशीनंतर पहिल्यांदा झालं तर आधी ते मायग्रेन नाही असं समजूनच तपासायचं. ईसीजी, मानेचा डॉपलर, साखर, रक्तदाब, एमआरआय. शिवाय त्या वयात कानशिलं दुखत असतील, घास चावताना जबडा भरून येत असेल, तर कानशिलाच्या रक्तवाहिनीचा दाह शोधायचा. त्यात दिवसांत दृष्टी जाऊ शकते. अण्णांचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, तेव्हा कुठे "मायग्रेन" हा शब्द उच्चारला गेला. घाई माझी होती, त्यांची नव्हे.

एक गोष्ट बायकांसाठी, आणि ती मला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे कुणी आपणहून विचारलेली नाही. ऑरासहित मायग्रेन असलेल्यांना मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो. तरुणपणी मुळातला धोकाच इतका लहान की दुप्पट होऊनही तो लहानच राहतो. पण त्यावर इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी आणि धूम्रपान यांची भर पडली की हिशेब बदलतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत ऑरा असलेल्या स्त्रीने अशी मिश्र गोळी घेऊ नये असं स्पष्ट आहे. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी 'माला-एन' ही मिश्र गोळीच आहे. इस्ट्रोजेन नसलेले पर्याय आहेत, तांबीसारखे, पण ते सुचवण्याआधी डॉक्टरला ऑरा माहीत असायला हवा ना! आणि सत्यनारायणासाठी, गणपतीसाठी, पाळी पुढे ढकलायला ज्या गोळ्या आपण मेडिकलमधून परस्पर आणतो, त्यांतलं नोरएथिस्टेरॉन हे प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं असलं तरी शरीरात त्याचा थोडा भाग इस्ट्रोजेन होतो. मी पंचवीस वर्षांत किती वेळा त्या घेतल्या, ते देव जाणे आणि मेडिकलवाला जाणे.

*

उपायांचं सांगायचं तर चालू झालेली करवत थांबवणारं खात्रीचं औषध नाही. ती तिच्या वेळेने जाते. त्या वेळात स्कूटर बाजूला घ्यायची, जिना चढायचा-उतरायचा नाही, गॅस बंद करायचा, आणि दुखणं येणार हे माहीत असेल तर डॉक्टरने ठरवून दिलेली वेदनाशामक गोळी तेव्हाच घ्यायची, उलटी थांबवणाऱ्या गोळीसोबत. पोट मंदावण्याआधी औषध आत गेलं पाहिजे. आपण उलट करतो. "बघू या, जातंय का" म्हणत दोन तास काढतो, आणि मग घेतलेली गोळी पोटात नुसती पडून राहते. सुमाट्रिप्टानच्या जातीची औषधं मात्र ऑरात नव्हे, डोकं दुखायला लागलं की घ्यायची, आणि हृदयविकार असेल तर नाहीच.

दुसरं टोकही आहे. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात पंधरा किंवा त्याहून जास्त दिवस, आणि ट्रिप्टान किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या दहा किंवा त्याहून जास्त दिवस, असं तीन महिने चाललं की गोळ्याच रोजची डोकेदुखी तयार करतात. हे मोजायला अ‍ॅप लागत नाही. आमच्या 'कालनिर्णय'वर गॅस सिलिंडर आला त्या दिवशी 'गॅ', दूध नको होतं त्या दिवशी 'दू' लिहिलेलं असतं. त्यात आता 'क' आणि 'गो' आले. 'क' म्हणजे करवत, 'गो' म्हणजे गोळी. न्यूरॉलॉजिस्टकडे मी कॅलेंडरची पानंच घेऊन गेले. त्यांनी फायलीपेक्षा तीच जास्त वेळ पाहिली.

महिन्यातले चारेक दिवस जात असतील तर रोज घ्यायची प्रतिबंधक औषधं आहेत. प्रोप्रॅनोलॉल, दमेकऱ्यांना चालत नाही. फ्लुनारिझिन, झोप आणि वजन वाढवतं. अ‍ॅमिट्रिप्टिलिन आहे. टोपिरामेट आहे, आणि नजरेवर लेख लिहिते आहे म्हणून बजावून सांगते की टोपिरामेट सुरू केल्यावर पहिल्या महिनाभरात डोळा दुखून धूसर दिसू लागलं तर ते मायग्रेन समजू नका, औषधाने डोळ्यातला दाब वाढलेला असू शकतो, लगेच डॉक्टर गाठा. व्हॅलप्रोएट मूल होण्याच्या वयातल्या बायकांना देऊ नये. सीजीआरपी नावाचं एक द्रव्य मायग्रेनची आग पेटती ठेवतं असं सापडल्यानंतर ते अडवणारी इंजेक्शनं आली. पहिल्याला अमेरिकेत २०१८ मध्ये परवानगी मिळाली. इथे ती सगळ्यांच्या खिशाला झेपतील असं नाही.

उजेड का सोसत नाही, याचा एक प्रयोग मला फार आवडतो. बोस्टनच्या संशोधकांनी २०१० मध्ये मायग्रेन असलेल्या वीस अंध माणसांची पाहणी केली. ज्यांना डोळेच नव्हते किंवा दृष्टीची नसच निकामी होती, त्यांचं दुखणं उजेडाने वाढत नव्हतं. ज्यांना आकार दिसत नव्हते पण उजेड-अंधार कळत होता, त्यांचं वाढत होतं. म्हणजे पाहण्याचा आणि दुखण्याचा रस्ता वेगळा आहे. त्याच गटाने पुढे दाखवलं की रंगांमध्ये हिरवा सगळ्यात कमी छळतो. सतरंजी टांगणारी आत्या बरोबर होती. पण दिवसचे दिवस अंधारात आणि काळ्या चष्म्यात राहिलं की डोळे उजेडाला आणखीच हळवे होतात, म्हणून झटका उतरला की सतरंजी काढायची.

आणि निमित्तं? उपास, जागरण, ऊन, उदबत्तीचा धूर, पाळी. मुंबईचे डोकेदुखी-तज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ मध्ये ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणं प्रसिद्ध केली, त्यांच्यात निमित्त होतं न्हाण्याचं, डोक्यावरून आंघोळ करून केस धुण्याचं. पाश्चात्त्य पुस्तकांत हे नव्हतं. आपल्या बायकांना ते कधीचं ठाऊक होतं, फक्त छापलेलं नव्हतं. आता नरकचतुर्दशी आठवा: आदल्या रात्री फराळ तळत बारा, पहाटे चारला उठणं, डोक्यावरून न्हाणं, ओले केस, सुगंधी उटणं, लुकलुकत्या माळा, फटाक्यांचा धूर आणि देवदर्शन होईपर्यंत रिकामं पोट. सण आहे की प्रयोगशाळा? तरीही निमित्तांची भीती फार वाढवू नये. २०१३ मध्ये डेन्मार्कमध्ये २७ जणांना त्यांनीच सांगितलेली निमित्तं, तीव्र प्रकाश आणि कसून व्यायाम, मुद्दाम देऊन पाहिली. ऑरासहित झटका आला फक्त तिघांना. मी न्हायचं सोडलेलं नाही. न्हाण्याआधी दोन लाडू खाते, एवढंच.

*

आत्या आता ब्याऐंशी वर्षांची आहे. गेल्या दिवाळीत भाऊबीजेला तिच्यापुढे पाठकोरा कागद आणि पेन्सिल ठेवली. म्हटलं, "आत्या, तुझी करवत काढ." ती आधी हसली. मग चष्मा लावून पाच मिनिटं मन लावून काढत राहिली. कोर, आतल्या बाजूने कोरी, बाहेरच्या बाजूने दाते, खालच्या टोकाला बारीक, वर जाताना मोठे होत गेलेले. शेजारी मी माझ्या प्रुफाच्या समासात काढलेलं चित्र ठेवलं. दोन्हींत फरक एवढाच, की तिची उजवीकडे फिरते, माझी डावीकडे. "अगं, मग हे पित्त नव्हतं?" तिने विचारलं. कागद तिने घडी घालून पोथीत ठेवला.

तुमच्या घरी कुणी असं काही म्हणत असेल, करवत, नागमोड, पाण्याची लाट, तुटलेला आरसा, तर कागद पुढे करा. एक डोळा झाकून, मग दुसरा, वेळ टाकून, दिसेल तसं काढून डॉक्टरकडे न्या. पहिल्यांदाच होत असेल, पन्नाशी उलटली असेल, एकाच डोळ्याचं असेल, तासाहून जास्त टिकलं असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. तोंड वाकडं, बोलणं जड किंवा हात लुळा वाटला तर चित्र वगैरे काही काढत बसू नका. १०८ ला फोन लावा. गुठळी विरघळवणारं औषध सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.

त्या प्रुफात मी लाल पेनाने केलेल्या दोन्ही खुणा चुकीच्या होत्या. प्रेसच्या मुलाला फोन करून त्या रद्द करवल्या. त्याच पानावर खालून चौथ्या ओळीत 'दृष्टी'चं 'दुष्टी' झालं होतं, ते मला दिसलं नाही, आणि अंकात तसंच छापून गेलं.